पाचजणांचा वस्ताद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्वतःच्या नावावर एकही गाजलेली कुस्ती नाही. तरीही या पंचक्रोशीत कुस्तीचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचंच येतं. म्हणून आजचं पुष्प गुंफताना मी त्याच जातकुळीचा एक माणूस निवडला. तो अमेरिकेतला आहे आणि त्याचा खेळ, अमेरिकी फुटबॉल, आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं बॉस्टनजवळ राहिलो. तिथे हा खेळ पाहायला शिकलो आणि पाहता पाहता दांते स्कारनेकिया या नावापाशी येऊन थांबलो. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघात त्यांनी चौतीस हंगाम काढले. त्यातला मोठा काळ ते ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीचे प्रशिक्षक होते. संघाचे मुख्य प्रशिक्षक ते कधीच झाले नाहीत. मला जे सांगायचं आहे ते याच गोष्टीशी बांधलेलं आहे. सहाय्यक प्रशिक्षकाची जागा ही वर जाण्याची पायरी नसून ते स्वतंत्र, पुरं आयुष्य मागणारं काम आहे, असं मी मानतो. आणि ज्या संघांना हे कळत नाही, त्यांना त्याची किंमत मैदानावर मोजावी लागते.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. मैदानात अकराजण विरुद्ध अकराजण. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांच्यातला क्वार्टरबॅक हा डावाचा सूत्रधार. तो चेंडू फेकतो किंवा धावणाऱ्याच्या हाती देतो. टीव्हीचा कॅमेरा त्याच्यावर आणि वर्तमानपत्रातला फोटोही त्याचाच. त्याच्या पुढ्यात पाचजण वाकून उभे असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, टोकांना दोन टॅकल. एकेकाचं वजन १४० किलोंच्या आसपास. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात, आणि तिथून डाव सुरू होतो. पुढे फेकलेला पास झेलण्याची या पाचजणांना एरवी परवानगी नाही. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच त्यांचं काम. फेकणाऱ्याला साधारण अडीच-तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ त्याच्याभोवतीची जागा राखायची. ती राखली तर त्याची नोंद कुठेच होत नाही. नाही राखली आणि क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा झाला तर त्याला सॅक म्हणतात, आणि तो मोजला जातो. प्रतिस्पर्ध्याला पकडून ठेवलं तर दहा यार्डांचा दंड बसतो आणि पंच ध्वनिक्षेपकावरून त्या खेळाडूचा क्रमांक जाहीर करतात. सत्तर-ऐंशी हजार लोकांना त्याचा क्रमांक ऐकू येतो तो बहुधा तेव्हाच.

पाचजण वेगवेगळे बलवान असून भागत नाही. कबड्डीत कोपऱ्यातल्या खेळाडूने एक पाऊल आधी उचललं की साखळी तुटते आणि चढाईवाला त्याच फटीतून निसटतो. इथेही तसंच. समोरचे दोघे हल्लेखोर ऐन वेळी एकमेकांच्या मार्गात शिरून जागा बदलतात. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. अशा वेळी गार्डने आपला माणूस सोडून शेजाऱ्याच्या हवाली करायचा आणि शेजाऱ्याचा आपण घ्यायचा. आपल्याच माणसाचा पाठलाग केला तर दोघे शेजारी एकमेकांवर आदळतात आणि मध्ये दार उघडं पडतं. हे सोडणं आणि घेणं पाव सेकंदात, न बोलता व्हावं लागतं. शेजाऱ्यावरचा तेवढा विश्वास भाषण देऊन येत नाही. तो हजारो वेळा केलेल्या सरावातून येतो, आणि तो सराव घेणारा म्हणजे लाइनचा प्रशिक्षक.

या कामाचं शास्त्र एकदा नियमानेच बदलून टाकलं. १९७८ पर्यंत पास अडवताना या खेळाडूंना हात लांब करता येत नसत. मुठी छातीशी धरून अंगानेच अडवावं लागे. त्या वर्षी हात पसरायला आणि तळवे उघडे ठेवायला परवानगी मिळाली. तेव्हापासून हाताचं तंत्र ही एक वेगळीच विद्या झाली. तळवे प्रतिस्पर्ध्याच्या छातीच्या चौकटीत कसे ठेवायचे, अंगठे वर का हवेत, कोपर बाहेर गेलं की ताकद कशी वाया जाते, हे सगळं नव्याने शिकवावं लागलं.

फॉक्सबरोला पेट्रियट्सच्या स्टेडियममागे सरावाची मैदानं आहेत. जुलै संपता संपता हंगामाआधीचं शिबिर भरतं आणि प्रेक्षकांना ते फुकट पाहता येतं. बहुतेक लोक संघाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी दिसेल अशी जागा धरत. मी दूरच्या कोपऱ्याकडे बसत असे, कारण लाइनचा सराव तिथे चालायचा. साठी ओलांडलेले, सडपातळ बांध्याचे स्कारनेकिया आपल्या दुप्पट वजनाच्या पोरांसमोर स्वतः पवित्रा घेऊन दाखवत. बाहेरचा पाय आधी मागे, आतला त्याच्यामागून सरकत. दोन पाय कधीही जवळ यायचे नाहीत. वजन आतल्या पायावर, कंबर खाली, मान मागे. पुढे झुकलास की संपलास. एक खेळाडू तीन पावलं मागे सरके, ते त्याला थांबवून पहिलंच पाऊल पुन्हा करायला लावत. चौथ्यांदा, पाचव्यांदा, आठव्यांदा. चेंडू कुठेच नव्हता. समोर प्रतिस्पर्धीही नव्हता. खणखणीत आवाजात एकच सूचना पुन्हा पुन्हा ऐकू येई आणि घामाने निथळणारा तो महाकाय मुलगा मुकाट्याने परत जागेवर जाई. नवखा असो की दहा वर्षांचा मुरलेला, पहिलं पाऊल दोघांनाही सारखंच करावं लागे. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातला शाळकरी मुलगा बरोबर आला होता. तो अर्ध्या तासात कंटाळला आणि ब्रेडीकडे गेला. त्याचं काही चुकलं नाही. हा सराव दिसायला कंटाळवाणाच आहे.

स्कारनेकियांचा जन्म १९४८ चा, लॉस एंजेलिसचा. कॅलिफोर्निया वेस्टर्न विद्यापीठात ते स्वतः लाइनवर खेळले. अमेरिकी मरीन दलाच्या राखीव तुकडीतही ते होते, आणि त्यांच्या शिस्तीबद्दल बोलणारा प्रत्येकजण हा उल्लेख करतोच. १९७० मध्ये त्याच विद्यापीठात त्यांनी प्रशिक्षकाचं काम सुरू केलं. पुढची बारा वर्षं कॉलेजांमधून भटकंती झाली. आयोवा स्टेट, टेक्सासमधलं सदर्न मेथडिस्ट, पॅसिफिक, नॉर्दर्न ॲरिझोना, परत सदर्न मेथडिस्ट. या पेशात सहाय्यकाचं बिऱ्हाड पाठीवरच असतं. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याची माणसंही जातात. १९८२ मध्ये रॉन मायर सदर्न मेथडिस्ट सोडून पेट्रियट्सकडे आले आणि येताना स्कारनेकियांना घेऊन आले. मधली दोन वर्षं, १९८९ आणि १९९०, इंडियानापोलिसला काढून ते परतले.

पेट्रियट्समध्ये त्यांनी सहा मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली काम केलं. मायर, रेमंड बेरी, डिक मॅकफर्सन, बिल पार्सेल्स, पीट कॅरोल आणि बिल बेलिचिक. स्वभावाने ही सहा माणसं एकमेकांपासून कोसभर दूर. नवा साहेब आला की जुना कर्मचारीवर्ग झाडून काढायची या खेळातली रीत आहे. हा माणूस मात्र प्रत्येक झाडणीत टिकला. दिलेलं काम बदलत राहिलं. कधी किक मारणाऱ्या आणि परतवणाऱ्या विशेष पथकांचं, कधी टाइट एंड या जागेचं. १९९२ मध्ये मॅकफर्सन आजारी पडले तेव्हा काही सामने मुख्य प्रशिक्षकाची खुर्चीही त्यांनी सांभाळली. मग हे पुन्हा आपल्या कामावर गेले. १९९९ मध्ये लाइन त्यांच्याकडे आली तेव्हा वय ५१ होतं. ज्या कामासाठी आज त्यांचं नाव घेतलं जातं, ते पेट्रियट्समध्ये त्यांना पन्नाशीनंतर मिळालं. त्याआधीचा प्रत्येक उमेदवारीचा हंगाम कामी आला असं माझं मत आहे. विशेष पथकांत संघातले सगळ्या प्रकारचे खेळाडू हाताखाली येतात, आणि शेवटच्या बाकावरच्या माणसाकडून काम काढून घ्यायची सवय तिथेच लागते.

इथे दुसऱ्या एका मोठ्या लाइन-प्रशिक्षकाची आठवण काढायला हवी. जो ब्यूगल. १९८० च्या दशकात वॉशिंग्टन संघाची लाइन त्यांनी उभी केली. १९८२ च्या शिबिरात त्यांनी आपल्या पोरांना ‘हॉग्ज’, म्हणजे डुकरं, अशी हाक मारली. पोरांनी ते नाव अभिमानाने मिरवलं आणि शहराने डोक्यावर घेतलं. त्या फळीने दोन सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचे अंतिम सामने, जिंकून दिले. मग व्हायचं तेच झालं. १९९० मध्ये ब्यूगल यांना ॲरिझोनाच्या कार्डिनल्स संघाचं मुख्य प्रशिक्षकपद मिळालं. चार हंगामांत २० विजय आणि ४४ पराभव. पुढे ओकलंड रेडर्सकडे एक हंगाम, ४ विजय आणि १२ पराभव. २००४ मध्ये ते वॉशिंग्टनला आपल्या जुन्या जागी परत आले आणि शेवटची काही वर्षं पुन्हा लाइनच शिकवत राहिले. ब्यूगल अपयशी माणूस होते असं मी मुळीच म्हणणार नाही. पाचजणांना एका लयीत आणणं आणि पन्नासजणांचा कारभार हाकणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकात पारंगत असलेल्याला दुसऱ्यात ढकलणं याला आपण बढती म्हणतो. कित्येकदा त्यात एक चांगला शिक्षक हरवतो आणि हाती सामान्य प्रशासक उरतो. आपल्या शाळांमध्ये हे किती वेळा घडतं, ते या सभागृहातल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

आता तालमीच्या गावाला जवळची वाटेल अशी गोष्ट. स्टीफन नील हा सॅन दिएगोचा मल्ल. फ्रीस्टाइल कुस्तीत १९९९ मध्ये अंकारा इथे तो सर्वांत वरच्या, १३० किलो वजनगटात विश्वविजेता झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या कॉलेज अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम लढतीत त्याने ब्रॉक लेस्नरला हरवलं होतं. हा तोच लेस्नर, ज्याला आपली पोरं टीव्हीवरच्या कुस्तीमुळे ओळखतात. नील कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. २००१ मध्ये तो पेट्रियट्सकडे आला, तेव्हा त्याला लाइनवर कुठे उभं राहायचं इथपासून शिकवावं लागणार होतं. संघाने त्याला एकदा सोडलं, तो दुसरीकडे गेला, आणि त्याच हंगामात परत आला.

मल्लाला लाइनवर घ्यायचं म्हणजे फायदा आहे, आणि अडचणही त्याच फायद्यात आहे. कंबर कुठे हवी, समोरच्याचा तोल कुठून ढळतो, पाय जमिनीत कसे रोवायचे, हे नीलच्या अंगात भिनलेलं. पण मल्लाची सगळी वृत्ती समोरच्याला पकडण्याची, आपल्याकडे ओढून खाली नेण्याची. इथे पकड म्हणजे दंड. इथे समोरच्याला चीत करायचं नाही, फक्त तो आणि क्वार्टरबॅक यांच्यामध्ये राहायचं. कुस्तीत नजर एका माणसावर खिळलेली असते. इथे हात एकाच्या छातीवर आणि डोळे शेजारच्या फटीत. वर्षानुवर्षांची सवय मोडून नवी लावणं हे नवं शिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण, हे आखाड्यात उतरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यात नीलला दुखापतींनीही छळलं. तरी २००४ च्या हंगामात तो उजव्या गार्डच्या जागी नेमाने खेळत होता आणि तो हंगाम पेट्रियट्सने जिंकला. २०१० च्या हंगामापर्यंत तो खेळला. विश्वविजेता मल्ल पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायला तयार झाला याचं श्रेय नीलचं. त्याला तिथून गार्ड करून बाहेर काढलं याचं श्रेय स्कारनेकियांचं. माझ्या दृष्टीने त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली ही सर्वांत सुंदर कामगिरी आहे.

खेळाडू निवडताना ते तीन गोष्टी पाहत, असं नेहमी सांगितलं जातं. डोकं, चिवटपणा आणि पुरेशी चपळाई. यातला ‘पुरेशी’ हा भाग महत्त्वाचा. अफाट चपळाईचे खेळाडू ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीतच उचलले जातात. पेट्रियट्स बहुतेक वर्षी जिंकत आणि जिंकणाऱ्या संघाची निवडीची पाळी शेवटी येते. म्हणजे स्कारनेकियांच्या वाट्याला बहुधा इतरांनी नाकारलेले खेळाडू येत.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे २०१८ चा संघ. त्या वर्षी मार्चमध्ये डावा टॅकल नेट सोल्डर ६.२ कोटी डॉलरचा करार करून न्यू यॉर्क जायंट्सकडे गेला. डावा टॅकल हा उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखतो. फेकताना ती बाजू त्याला दिसत नाही. ही जागा किती नाजूक असते ते १९८५ मध्ये वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय टीव्हीसमोर मोडला तेव्हा साऱ्या अमेरिकेने पाहिलं होतं. सोल्डरच्या जागेसाठी पहिल्या फेरीत निवडलेल्या आयझाया विनला हंगामाआधीच दुखापत झाली. उरला ट्रेंट ब्राऊन, सॅन फ्रान्सिस्कोकडून अदलाबदलीत आलेला, ६ फूट ८ इंच उंच आणि १७० किलोंच्या घरातला. त्याच्या शेजारी जो थूनी, मधे डेव्हिड अँड्र्यूज, मग शॅक मेसन आणि उजव्या टोकाला मार्कस कॅनन. ड्राफ्टमध्ये थूनी तिसऱ्या फेरीतला, मेसन चौथ्या, कॅनन पाचव्या, ब्राऊन सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीतला. अँड्र्यूजला तर कोणी निवडलंच नव्हतं. मेसन जॉर्जिया टेकचा, आणि तिथला खेळ जवळपास सगळा धावण्याचा. पास राखायचं तंत्र त्याला व्यावसायिक झाल्यावर शिकावं लागलं.

या पाचजणांनी त्या हंगामाच्या बाद फेरीत तीन सामने खेळले आणि ब्रेडीला फक्त एकदा सॅक होऊ दिलं. अंतिम सामन्यात समोर लॉस एंजेलिस रॅम्सचा ॲरन डॉनल्ड होता. त्या हंगामात साडेवीस सॅक करून सर्वोत्तम बचावपटू ठरलेला. ३ फेब्रुवारी २०१९ च्या त्या सामन्यात त्याच्या नावावर एकही सॅक नाही. पेट्रियट्स १३-३ ने जिंकले. दुसऱ्या दिवशीच्या वर्णनांत हा सामना कंटाळवाणा म्हणून नोंदला गेला. मला तो पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. पुढच्याच महिन्यात ब्राऊन रेडर्सकडे गेला, चार वर्षांचे ६.६ कोटी डॉलर घेऊन. लागोपाठ दोन वर्षांत दोन डावे टॅकल तयार होऊन गडगंज झाले, आणि त्यांना शिकवणारा त्याच मैदानाच्या त्याच कोपऱ्यात तिसऱ्याची तयारी करायला उभा राहिला.

पराभवही सांगायला हवेत, कारण त्यांच्याशिवाय ही कारकीर्द कळणार नाही. २००७ चा पेट्रियट्स संघ अठरा सामने सलग जिंकून अंतिम फेरीत आला होता. त्या वर्षी लाइनवरचे तिघे, मॅट लाइट, लोगन मँकिन्स आणि डॅन कॉपेन, प्रो बोलसाठी, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यासाठी, निवडले गेले होते. ब्रेडीने हंगामात ५० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकले होते. आणि ३ फेब्रुवारी २००८ च्या संध्याकाळी जायंट्सच्या पुढच्या फळीने त्याला पाच वेळा आडवं केलं. सामना १७-१४ असा गेला. अठरा सामने भक्कम राहिलेली भिंत एका संध्याकाळी झिरपली. लाइनच्या कामात पुण्य साठवून ठेवता येत नाही, प्रत्येक डावाला हिशेब नव्याने सुरू होतो.

जानेवारी २०१४ मध्ये, ६५ व्या वर्षी ते निवृत्त झाले. पुढच्याच हंगामात पेट्रियट्स विजेते ठरले, तेही त्यांच्याशिवाय. हे मुद्दाम सांगतो. कोणाही एका माणसावाचून संघ बुडतो असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्या पुढच्या वर्षी, २४ जानेवारी २०१६ ला, डेन्व्हरमध्ये उपांत्य सामना झाला आणि त्या दिवशी ब्रेडीने जो मार खाल्ला तो पाहवत नव्हता. डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने एकट्याने अडीच सॅक केले. प्रेक्षकांच्या गोंगाटात आवाजी खूण चालत नाही, म्हणून स्नॅप मूक खुणेवर होत होता. सेंटरच्या मानेच्या हालचालीवरून डेन्व्हरचे खेळाडू स्नॅपचा क्षण ओळखत होते, असं नंतर छापून आलं. सामना २०-१८ ने गेला. दुसऱ्याच दिवशी लाइनच्या प्रशिक्षकाला काढलं आणि फेब्रुवारीत स्कारनेकिया परत आले. ६८ व्या वर्षी, त्याच कोपऱ्यात, त्याच पहिल्या पावलापासून.

डेन्व्हरच्या सामन्यानंतर सर्वांत जास्त बोल लागले ते उजव्या टॅकलला, मार्कस कॅननला. या मुलाची कहाणी मोठी विलक्षण आहे. २०११ च्या ड्राफ्टच्या तोंडावर त्याला लिम्फोमा, म्हणजे रक्तपेशींशी निगडित कर्करोग असल्याचं निष्पन्न झालं आणि तो पाचव्या फेरीपर्यंत घसरला. उपचार घेऊन त्याच हंगामात तो मैदानात उतरला. नंतरची वर्षं कधी संघात, कधी बाकावर. डेन्व्हरनंतर त्याला कायमचं बाहेर करा, असा बॉस्टनभर सूर होता. स्कारनेकियांनी त्याला तिथेच ठेवलं. २०१६ च्या हंगामाअखेर कॅनन देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या फळीत, ऑल-प्रोमध्ये निवडला गेला. संपूर्ण संघाचे सॅक ३८ वरून २४ वर आले, आणि त्या हंगामाचा अंतिम सामना पेट्रियट्सने २८-३ अशा पिछाडीवरून ३४-२८ असा जिंकला. तोच माणूस, तीच जागा. फरक काय पडला ते मला कोणत्याही तक्त्यात दाखवता येणार नाही. अपमानित झालेल्या खेळाडूला त्याच जागेवर उभं करून पुन्हा पहिल्या पावलापासून शिकवण्याची धमक एका शिक्षकाने दाखवली, एवढं मला दिसतं.

या कामाची एक काळी बाजू आहे. तिच्याबद्दल गप्प राहिलो तर ते अप्रामाणिकपणाचं होईल. माइक वेबस्टर हा पिट्सबर्गचा थोर सेंटर. १९८९ मध्ये कॅन्सस सिटीने त्याला लाइनचा प्रशिक्षक म्हणूनच बोलावलं होतं. पण त्याला मैदान सोडवलं नाही आणि तो तिथेही दोन हंगाम खेळला. २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी तो गेला. त्याआधीची त्याची काही वर्षं स्मृतिभ्रंश, वेदना आणि बेघरपण यांत गेली होती. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी करून सीटीई हा मेंदूचा आजार ओळखला. व्यावसायिक फुटबॉलपटूत तो आढळल्याची ती पहिली नोंद, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली. लाइनवरचा खेळाडू सहसा बेशुद्ध पडत नाही. त्याचं डोकं प्रत्येक डावाला थोडंथोडं आदळत राहतं, वर्षानुवर्षं. २०११ च्या करारानंतर हंगामात पूर्ण संरक्षक पोशाखातले सराव चौदावर आले. काही जुन्या प्रशिक्षकांनी कुरकुर केली की अशाने लाइन शिकवणं अवघड होईल. अवघड झालं असेल. तरी तो बदल आवश्यक होता आणि तो फार उशिरा झाला, असंच मी म्हणेन. मान मागे ठेव, डोकं पुढे घालू नकोस, ही स्कारनेकियांची रोजची सूचना तंत्राचीही होती आणि जीव राखण्याचीही.

या पेशात स्कारनेकिया एकटे नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोचे बॉब मॅकिट्रिक १९७९ पासून दोन दशकं तिथे राहिले. हलक्या पण चपळ लाइनवर त्यांनी पाच अजिंक्यपदांचा पाया रचला आणि २००० मध्ये कर्करोगाने गेले. डेन्व्हरच्या ॲलेक्स गिब्स यांनी पाचही जणांनी माणूस न राखता जागा राखत एकाच दिशेला सरकायचं तंत्र इतकं पक्कं केलं की १९९८ मध्ये तिथला टेरेल डेव्हिस चेंडू घेऊन २,००८ यार्ड धावला. फिलाडेल्फियात हॉवर्ड मड यांच्या काळात, २०११ मध्ये, सहाव्या फेरीत जेसन केल्सी नावाचा सेंटर आला. मड यांच्यानंतर लगेच आलेल्या जेफ स्टाउटलंड यांनी त्याला पुढे घडवलं. स्टाउटलंड यांनीच ऑस्ट्रेलियात रग्बी खेळणाऱ्या, अमेरिकी फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या जॉर्डन मायलाटाला डावा टॅकल बनवलं. मायलाटा सातव्या फेरीतला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो विजेत्या संघाची डावी बाजू राखत होता. नीलची गोष्ट मायलाटाशी जोडून पाहा. पंधरा-सतरा वर्षांचं अंतर, शहरं वेगळी, शिक्षक वेगळे, पण वाट एकच.

स्कारनेकियांचा शेवटचा हंगाम २०१९ चा. सेंटर अँड्र्यूज फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे हंगामभर बाहेर. विन अर्धा हंगाम जायबंदी. ४ जानेवारी २०२० ला टेनेसीकडून २०-१३ असा पराभव झाला आणि त्याच महिन्यात त्यांनी दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली. मार्चमध्ये ब्रेडीही पेट्रियट्स सोडून गेला.

२०२२ मध्ये पेट्रियट्सने लाइनची जबाबदारी मॅट पॅट्रिशिया यांच्याकडे दिली. २००५ मध्ये ते स्कारनेकियांच्या हाताखाली लाइनचे सहाय्यक होते, पण त्यानंतरची त्यांची बहुतेक कारकीर्द बचावाच्या बाजूला गेलेली. लाइनच्या जोडीला मैदानावर कोणता डाव खेळायचा हे पुकारण्याचं कामही त्यांच्याचकडे. म्हणजे जे काम एका माणसाने दोन दशकं पूर्णवेळ केलं, ते दुसऱ्या कामाच्या जोडीने उरकता येईल असा हिशेब. संघ आठ सामने जिंकला, नऊ हरला आणि बाद फेरीपर्यंत पोचला नाही. पॅट्रिशिया हुशार आहेत, मेहनतीही आहेत. चूक त्यांची नव्हती, त्या हिशेबाची होती. पुढच्या वर्षी ती जागा एड्रियन क्लेम यांना दिली गेली. २००० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत निवडून आलेले आणि स्कारनेकियांकडे लाइन शिकलेले.

त्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, पेट्रियट्सच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या दालनात, स्कारनेकियांचा समावेश झाला. त्याच समारंभात माइक व्रेबेल यांचाही झाला. जानेवारी २०२० मध्ये स्कारनेकियांचा शेवटचा सामना जिंकणाऱ्या टेनेसीचे प्रशिक्षक तेच होते. व्रेबेल यांची निवड खेळाडू म्हणून होती. स्कारनेकियांना सहाय्यक प्रशिक्षक म्हणून घ्यावं, तर तसा वर्गच तिथे नव्हता. त्यांचं नाव ‘योगदान देणारे’ या सदरात नोंदलं गेलं. ओहायोतल्या कँटनला साऱ्या खेळाचा हॉल ऑफ फेम आहे. त्या वर्षापर्यंत तिथे प्रशिक्षक म्हणून निवडले गेलेले सगळे मुख्य प्रशिक्षक होते. स्कारनेकिया, मॅकिट्रिक, ब्यूगल, गिब्स, मड. या पाचजणांपैकी निदान एकाचा तरी अर्धपुतळा तिथे असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पहिला कोणाचा असावा असं विचाराल तर माझं उत्तर तुम्हाला कळलंच असेल.